गावाकडची विज्ञानकथा चित्रांतून कशी सांगायची : नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूर स्टेशनात एक गाडी लागली, तिच्यात एकही पॅसेंजर नव्हता, नुसतं पाणी. मिरजेहून निघालेल्या १० टाक्या, एकेका टाकीत ५० हजार लिटरच्या आसपास, सगळं मिळून ५ लाख लिटर, आणि त्या टाक्या त्याआधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपला आतून वाफेनं धुऊन घेतलेल्या. शहरात तर पाणी भरायच्या जागांवर आधीच जमावबंदी लागलेली होती.

आता हीच गोष्ट १९८० साली कुणी चित्र काढून दाखवली असती, की एक दिवस अख्ख्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेनं येणार आहे, तर लोकांनी तिला विज्ञानकथाच म्हणलं असतं. म्हणून जे कुणी मला विचारतात की दादा आपल्या गावात विज्ञानकथा कशी घडवायची, इथं काय आहे, त्यांना मी पहिल्यांदा ही पाण्याची गाडी आठवायला सांगतो.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत फ्लेक्स आणि डीटीपीचं काम करतो. दिवसभर वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली, आणि रात्री जेवणं झाल्यावर ही चित्रं. पानभर एक रंगीत चित्र आणि समोरच्या पानावर शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर, अशी सहा-सात चित्रं मिळून एक गोष्ट. कॉमिकसारखे चौकोन नाहीत, फुगे नाहीत. चित्र असं वाटलं पाहिजे की कुणीतरी गावातनं जाता जाता फोटो काढलाय आणि त्या फोटोत एक अशी वस्तू आहे जी असायला नको होती, पण फोटोतल्या कुणालाच तिचं नवल वाटत नाहीये. हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा कारण पुढं सगळं त्याच्यावरच चाललंय. यंत्र गावात जुनं झालेलं पाहिजे. त्याला बकरी बांधलेली पाहिजे.

पहिली पायरी : आधी गाव काढा, यंत्र नंतर

नवीन माणूस सुरुवातीला काय करतो तर आधी यंत्र काढतो. वहीत मस्त रोबोट, त्याचे स्क्रू, त्याचे डोळे, आणि मग मागं दोन झोपड्या आणि एक नारळाचं झाड टाकून देतो की झालं गाव. परभणी जिल्ह्यात झोपडीशेजारी नारळ कुठं असतो सांगा. आपल्याकडं बाभळ आहे, लिंब आहे, येड्या बाभळी तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला, आणि जुन्या गावठाणात माळवदाची घरं आहेत, सपाट मातीचं छप्पर, पावसाळ्यात त्याच्यावर गवत उगवतं. हे माळवद आलं की चित्र बघणारा नांदेडचा असो का बीडचा, त्याला कळतं की हे आपलंच आहे.

तर पहिले १५ दिवस यंत्राचं नाव काढायचं नाही. मोबाईल आणि एक छोटी वही घेऊन फिरायचं आणि ज्याचा कुणी फोटो काढत नाही त्याचे फोटो काढायचे. डीपी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी, आणि तिच्या फ्यूजमध्ये घातलेल्या तारा. पाण्याची टाकी आणि तिचा जिना. बंद पडलेला हापसा. मोंढ्यातली आडत दुकानं, जिनिंगचे पत्रे, रसवंतीचं चरक, एसटी स्टँडचे बाकडे, कोंडवाडा, जुन्या गढीची पडकी भिंत. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी साडेसहा असे तिन्ही वेळेला त्याच जागेचे फोटो घ्या. माणसांचे काढायचे असले तर विचारून काढा, चहा घ्या सोबत, लोक स्वतःहून जागा दाखवतात, तिकडं जा म्हणतात, तिथं जुनं इंजिन पडलंय.

वहीत फक्त मापं आणि शब्द लिहायचे. टाकीचे खांब किती, जिना कुठल्या बाजूला, दारावर खडूनं काय लिहिलंय. हे फोटोत येतं असं वाटतं पण घरी बसल्यावर नेमकं तेच फोटोत नसतं.

दुसरी पायरी : एकच यंत्र, आणि त्याला तीन प्रश्न

गोष्टीत एकच नवी वस्तू आणायची. उडती एसटी पण आहे, रोबोट सालगडी पण आहे, चंद्रावर सोयाबीन पण आहे असं केलं की कशाचंच वजन राहत नाही. एक वस्तू घ्या आणि तिला तीन प्रश्न विचारा : हे कुणी बसवलं, हे कशावर चालतं, आणि आता याच्याकडं कोण बघतं?

उत्तरं हवेतनं आणायची गरज नाही, आपल्या मुलखात ती सगळी घडून गेलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा, शेकडो वर्षांपूर्वी कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालनं शहरात आणलं आणि त्या पाण्यावर दगडी जातं फिरवून दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ दळलं. वीज नाही, इंजिन नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र घ्या, २०१५ साली पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं. एवढ्या मोठाल्या चिमण्या आणि एक धुराची रेघ नाही, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा. एकमेकीला काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक नळी ४ किलोमीटर लांब, आत निर्वात, आणि तिच्यातून लेझरचा झोत जाऊन आरशावर आपटून परत येतो. लांब अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर ही ४ किलोमीटरची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी कमीजास्त होते आणि तेवढं मोजायचं असतं. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा ते मोजलं. आपल्याकडच्या प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. ज्योतिर्लिंगाचं गाव, श्रावणात दर्शनाला रांगा, आणि तिथनं जवळच विश्वाचा कंप ऐकणारा कान. माझ्या डोक्यातनं हे जात नाही. असल्या यंत्राला जमिनीची शांतता लागते, ट्रक गेला, रेल्वे गेली तरी त्याला कळतं. मग सुगीत शेजारच्या रानात थ्रेशर चालू झालं तर? ऐन मोक्याच्या क्षणाला कुणी तरी बोअर मारायला घेतला तर? या प्रश्नात अख्खी गोष्ट आहे आणि तिच्यात कुणीच वाईट नाहीये, शास्त्रज्ञाला शांतता पाहिजे आणि शेतकऱ्याला पाऊस यायच्या आत ज्वारी घरात पाहिजे.

आता माझं उदाहरण धरून पुढं जाऊ. २०१५ आणि २०१९ च्या पावसाळ्यात औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली होती. मी विमानाच्या जागी जमिनीवरचा एक खांब धरला. गोष्टीतलं त्याचं कागदावरचं नाव मेघप्रेरण केंद्र क्रमांक ४, पण गावात त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण चालू झाला की घुमतो. कुणी बसवला : सरकारनं, १९८७ साली, खाली कोनशिला आहे, अक्षरं पुसलेली. कशावर चालतो : थ्री फेज लाईटवर, आणि ती आपल्याकडं शेतीला कधी रात्री येते कधी दिवसा. आता कोण बघतं : रोजंदारीवरचा एक चौकीदार, २२ वर्षं झाली, अजून कायम नाही.

हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे बरं. यंत्र कुणी शोधलं त्याच्यात गोष्ट कमी असते, ते बंद पडल्यावर त्याची किल्ली कुणाच्या घरात आहे त्याच्यात जास्त असते.

तिसरी पायरी : खोटं एकच, बाकी सगळं खरं

यंत्राबद्दल एक गोष्ट खोटी धरायची आणि तिच्या पुढचं सगळं खऱ्या नियमानं चालवायचं. कृत्रिम पावसात खरं काय होतं तर ढगात सिल्व्हर आयोडाईडचे कण सोडतात, त्या कणांभोवती ढगातलं अतिथंड, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेलं, पाणी गोठायला लागतं, मोठं होतं आणि खाली येतं. म्हणजे ढग आधी पाहिजेत, तेही पाण्यानं भरलेले. कोरड्या आभाळातनं काही पडत नाही. माझं एकच खोटं : हे कण विमानाशिवाय, खालनं आवाजाच्या जोरावर वर जातात. तेवढं सोडून बाकी अटी तशाच ठेवल्या. ढग नसेल तर भोंगाही हतबल. आणि म्हणूनच गोष्ट सापडली, कारण ज्या साली पावसाची सगळ्यात जास्त गरज त्याच साली ढग नाहीत, मग यंत्र असून काय उपयोग, आणि गावाला ते कोण समजावणार? चौकीदार?

शेजारच्या गावाचं काय तेही विचारा. आमचा पाऊस तुम्ही ओढून घेतला म्हणून भांडण होणार की नाही? होणारच. हे असे परिणाम एका कागदावर लिहून काढा, पहिले दोन-तीन सगळ्यांनाच सुचतात, सातवा-आठवा तुमचा स्वतःचा असतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र संपून लोक झोपलेले, आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या भूकंपाला तुमचं यंत्र कारण दाखवू नका, भूमिगत प्रयोग फसला वगैरे. लातूर-धाराशिवकडं ज्यांची अख्खी घरं गेली ती माणसं अजून आहेत, त्यांच्या दुःखाचं कारण आपण कल्पनेनं लिहायचं नसतं. भूकंपानंतरचं गाव, एका ओळीत बांधलेली नवी घरं, जुन्या गावठाणात राहिलेले दगड, हे काढायचं असेल तर तिथं जाऊन, बोलून, जपून काढा.

चौथी पायरी : मजकूर

मजकूर आठवणीसारखा लिहा. सांगणारा तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता आणि आता मोठा होऊन सांगतोय असं धरलं की यंत्र समजावून द्यावं लागत नाही, कारण पोराला जेवढं कळलं तेवढंच तो सांगणार. माझ्या तिसऱ्या चित्राचा मजकूर असा आहे :

"आमच्याकडं त्या साली थ्री फेज लाईट रात्री बाराला यायची. अण्णा बॅटरी घेऊन निघायचे, मी त्यांच्या मागं मागं. भोंग्याच्या बुडाला लोखंडी पेटी होती, तिच्यातला खटका वर केला की आधी पायाखालची जमीन थरथरायची, आवाज नंतर यायचा. मग लांब वस्तीवरची कुत्री भुंकायची. सात रात्री चालवला, एक थेंब आला नाही. आठव्या दिवशी सकाळी माणसं आली, म्हणली, तुमच्या भोंग्यानं ढग पळवले. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. खटका खाली केला, पेटीला कुलूप घातलं, किल्ली आईच्या हातात दिली. ती किल्ली अजून देव्हाऱ्यात आहे, गंजू नये म्हणून आई दरसाल दिवाळीला तिला तेल लावती."

आता याच्या समोरच्या चित्रात रात्र नाही, माणसं नाहीत, भांडण नाही. दुपार आहे, भोंग्याचा बुडखा, कुलूप लावलेली पेटी, पेटीवर वाळत घातलेलं धडुतं आणि सावलीला बसलेल्या तीन शेळ्या. मजकुरात जे आलं ते चित्रात परत काढायचं नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, रात्रीचं चित्र, अण्णा, बॅटरीचा झोत, सगळं मजकुराप्रमाणे, आणि बघितलं तर पान मेलेलं. दुपार काढल्यावर चित्र बोलायला लागलं.

भाषा घरातली ठेवा. "करायलेत", "कामून", "जायलो" हे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी येऊ द्या, फक्त प्रत्येक वाक्यात कोंबू नका. लातूरची बोली वेगळी, परभणी-हिंगोलीची वेगळी, तुमच्या आजीची जी असेल ती धरा. यंत्राला गावानं दिलेलं नाव पाहिजेच, सरकारी नाव फक्त पाटीवर.

पाचवी पायरी : चित्र

हा भाग मोठा होणार कारण चुका सगळ्या इथं होतात.

आधी काडेपेटीएवढे चौकोन काढा वहीत, एका चित्रासाठी दहा-बारा, पेन्सिलनं, एकेकाला दोन मिनिटं. त्यात फक्त काळं, पांढरं आणि मधला करडा. जे चौकोन हात लांब धरून बघितल्यावरही कळतं तेच पुढं न्यायचं.

मग माप. यंत्र मोठं दिसतंय का नाही हे यंत्रावर नसतं, त्याच्या शेजारी काय उभं आहे त्याच्यावर असतं. आपल्याकडं बघणाऱ्याच्या डोळ्यात पक्कं बसलेलं माप म्हणजे लालपरी, एसटीची बस, साधारण ११ मीटर लांब. तिच्याशेजारी काहीही उभं करा, किती मोठं आहे ते सांगावं लागत नाही. माझा भोंगा चार बस एकावर एक उभ्या केल्या तर होईल एवढा आहे आणि मी खरंच बसची लांबी कागदाच्या पट्टीवर घेऊन तशी चार वेळा मोजूनच काढला. घराचा दरवाजा २ मीटरच्या आसपास, माणूस साडेपाच फूट. आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची कुठं आहे ते आधी ठरवा, क्षितिजाची रेघ तिथंच येते. माणूस उभा राहून बघतोय तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या त्याच्याएवढ्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असो वा लांबची, त्या रेघेवरच येतात. नवीन लोक लांबची माणसं खालीवर कुठंही ठेवतात आणि मग ती हवेत तरंगतात.

लांबच्या वस्तू फिक्या करा. पुस्तकात शिकवतात की लांबचं निळसर होतं, ते खरंच आहे, पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं हवेत धूळ असते, लांबचं निळं होत नाही, मातकट पिवळं-करडं होतं. मी दोन वर्षं निळं टाकत होतो आणि कळत नव्हतं की चित्र आपल्याकडचं का वाटत नाही. मग एक दिवस मानवतच्या रोडला दुपारी गाडी थांबवून नुसतं बघत बसलो अर्धा तास. आभाळ खालच्या अंगाला पिठासारखं पांढरट, वर गेलं की थोडं निळं, आणि लांबची टाकी जवळपास आभाळाच्याच रंगाची. यंत्र तसं धुळीत अर्धं विरघळलेलं काढलं ना, तर ते खरं वाटायला लागतं.

उन्हाचं पण तसंच. आपण साधारण १८ ते २० अक्षांशात, त्यामुळं मेच्या मध्याच्या आसपास दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, खांबाची सावली बुडातच जमा होते. तेव्हा मे महिन्याच्या दुपारच्या चित्रात लांबलचक सावल्या टाकू नका, लांब सावल्या पाहिजेत तर वेळ बदला, संध्याकाळ करा.

रंग ऋतूवरनं धरा. उन्हाळ्यात काळी माती काळी दिसत नाही, करडी पडते आणि हात जाईल एवढ्या भेगा. पहिल्या पावसानंतर तीच जमीन ओली होऊन काळीकुळकुळीत. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन पिवळं पडतं, दिवाळीच्या आगंमागं कापूस फुटतो, फेब्रुवारी-मार्चला बांधावरचा पळस पेटतो, एकही पान नाही आणि नुसती केशरी फुलं. एक गोष्ट एकाच ऋतूत ठेवली तर रंग आपोआप एकमेकांशी जुळतात, पहिल्या वेळेला तसंच करा.

यंत्राला जुनं करायचं म्हणजे काय? नुसता गंज टाकून भागत नाही. पाणी जिथनं ओघळतं तिथं गंजाचे उभे डाग येतात, बोल्टच्या खाली, जोडाच्या खाली. माणसाचा हात जिथं लागतो तिथं लोखंड चकचकीत होतं. बुडाला चिखलाचे शिंतोडे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. त्याच्यावर निवडणुकीचं अर्धं फाटलेलं पोस्टर, क्लासेसची जाहिरात, उन्हाकडच्या अंगाला थापलेल्या गवऱ्या, आणि कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं नाव. एवढं झालं की वाचणारा यंत्राला विचारत नाही तू कुठनं आलास, तो समजून घेतो की हे इथंच होतं.

सहावी पायरी : सामान

याच्यावर फार वेळ घालवू नका. कागदावर करायचं तर पोस्टर कलर आणि जाड कार्ट्रिज पेपर, ज्यांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलीय त्यांना हात सरावलेला असतो. कॉम्प्युटर असेल तर क्रिटा घ्या, फुकट आहे आणि पूर्ण आहे. फक्त मोबाईल असेल तर आयबिस पेंट, माझ्या ओळखीतली एक मुलगी बोटानं काढते आणि माझ्यापेक्षा चांगलं काढते. फाईल पहिल्यापासून छपाईच्या मापाची किंवा त्याहून मोठी घ्या : ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल. छोट्या फाईलवर महिनाभर काम करून मग मोठी केली तर कडा फुटतात, आणि ते मग कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

एआयनं चित्र करून घ्यावं का, हे सगळे विचारतात. मी करत नाही. मी करून बघितलं तेव्हा एसटी स्टँड मागितलं तर कुठल्याच गावाचं नसलेलं स्टँड मिळालं, पाटीवरची अक्षरं अक्षरंच नव्हती. आपलं सगळं काम नेमकं तुमच्या गावच्या टाकीचा जिना कुठल्या बाजूला आहे याच्यावर उभं आहे, आणि ते तुम्हालाच माहीत आहे.

सातवी पायरी : अक्षरं

मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट आहेत, चांगले आहेत. फॉन्ट निवडताना ल आणि श तेवढे बघा, मराठी वळणाचे आहेत का हिंदी वळणाचे, आणि "ऱ्या" नीट उमटतो का, "सुऱ्या", "दऱ्या" असं लिहून बघायचं. चित्राच्या अॅपमध्ये शक्यतो मजकूर टाकू नका, बऱ्याच अॅपांत जोडाक्षरं फुटतात, पाय मोडून बाजूला पडतात.

माझ्या पहिल्या पुस्तकाची फाईल मी एका प्रेसला तशीच दिली, फॉन्ट त्यांच्याकडं नव्हता, तिथल्या मशीननं दुसराच लावला आणि "दुष्काळ" सगळीकडं तुटून छापला गेला. २०० प्रती. तेव्हापासून मी मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच देतो, फॉन्ट लागतच नाही, आणि प्रूफचं एक पान हातात घेऊन मोठ्यानं वाचल्याशिवाय मशीन चालू करू देत नाही. तुम्हीपण असंच करा.

आठवी पायरी : छपाई

पहिलं पुस्तक १६ पानांचं, ए-फाईव्ह म्हणजे ए-फोरच्या निम्मं, सेंटर पिन. म्हणजे चार ए-फोर कागद दोन्ही अंगानं छापून मधे दुमडायचे, वरनं जाड कव्हर. पानं नेहमी चारच्या पटीत येतात. आणि इथं सगळे एक चूक करतात : १६ पानं म्हणजे ८ चित्रं ८ मजकूर असं धरतात. पण पान १ आणि पान १६ एकेकटी पडतात, समोरासमोर येणाऱ्या जोड्या सातच होतात. म्हणून चित्रं सात धरा, पान १ ला नाव टाका, १६ ला कोनशिलेसारखं काहीतरी छोटं. आधी साध्या वहीचे चार कागद दुमडून डमी करा, पेन्सिलनं पान नंबर टाका, उघडझाप करून बघा, सगळं लक्षात येतं.

चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त घ्या, कटिंगला जातं. महत्त्वाचं काही कडेला आणि पिनेजवळ ठेवू नका. स्क्रीनवर जो निळा आणि केशरी चमकतो तो सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत गेला की मंद होतो, पळस तर हमखास मरतो, आणि रात्रीची चित्रं छापल्यावर अजून काळी होतात, तेव्हा ती आधीच थोडी उजळ करा. आतला कागद १३० जीएसएम (कागदाचं वजन, जितकं जास्त तितका जाड) आर्ट पेपर, कव्हर २५० चं. पहिल्यांदा डिजिटलवर २०-२५ प्रतीच काढा, ऑफसेटच्या मागं लागू नका.

नववी पायरी : दाखवायचं कुणाला

ज्या गावाचं काढलं त्या गावाला आधी. मी भोंग्याच्या गोष्टीच्या पहिल्या २५ प्रतींतली एक आमच्या पाण्याच्या टाकीवरच्या वॉचमन काकांना दिली होती, कारण भोंग्याचा बुडखा आणि जिना मी त्यांच्या टाकीवरनंच घेतलेला. त्यांनी चष्मा लावला, मजकूर आधी वाचलाच नाही, चित्र जवळ धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "जिन्याला तिसऱ्या पायरीनंतर एक पायरी नाहीये बाबा, मी रोज उडी मारून चढतो, तू सगळ्या काढल्यास." दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर खरंच नव्हती, माझ्या सगळ्या फोटोत ती बाभळीच्या फांदीमागं गेली होती. दुसऱ्या छपाईत ती पायरी खोडली, आणि मजकुरात अण्णा तिथं पाय कसा टाकतात त्याची एक ओळ वाढवली.